दोन्ही स्थळं चांगली, होकार कुणाला?

मैत्रिणींनो,

आपल्या या पानावर एरवी लोणच्याला आलेली बुरशी, मुलांचे अभ्यास आणि जावा-जावांचे रुसवेफुगवे यांचीच पत्रं जास्त येतात. या आठवड्यात मात्र एक निराळंच पत्र हाती आलं. वाचताना आधी हसू आलं. शेवटापर्यंत आले तेव्हा मात्र हसू गेलं आणि वाटलं, हे उत्तर खाजगी न पाठवता सगळ्यांसमोरच द्यावं.

पत्र वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचं आहे. हिंगणघाट तालुक्यातलं हे मोठं गाव. सगळा कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. तिथली आपली एक भगिनी लिहिते:

“ताई, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे सध्या एकच विषय चालू आहे, तो म्हणजे गाडी. हे शाळेत शिक्षक आहेत, थोडी शेती आहे. घरात आम्ही पाच माणसं. सासूबाईंच्या गुडघ्यांचे उपचार सेवाग्रामला चालू आहेत, मोठी मुलगी नागपूरला शिकते, धाकटा आठवीत आहे. आजवर मोटरसायकल आणि एसटीवर भागलं. पण आता सासूबाईंना एसटीची पायरी चढवत नाही. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. ह्यांच्या आणि भाऊजींच्या मनात टाटाची नेक्सॉन आहे. माझा भाऊ म्हणतो, मारुतीची ब्रेझा घ्या. आम्हाला हवी ती दोन्ही मॉडेलं दहा लाखांच्या आसपास बसतात, पाच-दहा हजार इकडे किंवा तिकडे. रोज रात्री जेवताना वाद. माझे भिशीचे आणि शिवणकामाचे साठवलेले दीड लाख मी त्यात घालते आहे. परवा सहज म्हटलं, मलाही एकदा दाखवा ना गाडी. तर म्हणाले, ‘तुला काय कळणार त्यातलं?’ रागानं नाही हो, हसतच म्हणाले. पण मनाला लागलं. आता तुम्हीच सांगा कोणती घ्यावी ती, म्हणजे वाद तरी मिटेल.”

बाई ग, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक तुम्ही विचारला आहे आणि एक विचारलेला नाही. दोन्हींचं उत्तर देते. आधी विचारलेल्याचं.

कागदावरची ओळख

एक काळ असा होता की, मोटार घ्यायची म्हटलं तर फियाट नाही तर अँबॅसेडर. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यमवर्गीय घरांना गाडीचं स्वप्न पडू लागलं. आता उलट झालं आहे. दुकानात इतकी मॉडेलं की डोकं गरगरतं! आणि सगळ्यांना हवी असते ती जीपसारखी उंच दिसणारी, एसयूव्ही म्हणतात ती.

तर या दोन गाड्या पाहू. नेक्सॉन २०१७ मध्ये बाजारात आली, तिचं सध्याचं रूप सप्टेंबर २०२३ चं. ब्रेझा २०१६ मध्ये विटारा ब्रेझा या नावानं आली, तिचं सध्याचं रूप जून २०२२ चं. दोघींची लांबी सारखीच, ३,९९५ मिलिमीटर. जुळ्या बहिणीच म्हणा ना! हा योगायोग नाही, बरं का. सरकारनं चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत ठेवली आहे, म्हणून कारखानदार पाच मिलिमीटर अलीकडे थांबतात.

मात्र या सवलतीला इंजिनाचीही अट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंतची लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन (डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत) असेल, तर कर १८ टक्के. यातली एक जरी अट मोडली तर ४० टक्के. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं आहे, ब्रेझाचं १,४६२ सीसीचं. म्हणजे शोरूमची किंमत १० लाख धरली, तर नेक्सॉनमध्ये त्यातले सुमारे १ लाख ५३ हजार कराचे आणि ब्रेझामध्ये सुमारे २ लाख ८६ हजार. म्हणूनच सारख्या पैशांत नेक्सॉनचं बहुधा वरच्या पायरीचं मॉडेल मिळतं आणि ब्रेझाचं त्याहून खालच्या पायरीचं. किंमत सारखी दिसली, तरी ताटात काय काय वाढलं आहे ते वेगळं असतं. तुमचा वाद नावांवरून चालला आहे. त्याऐवजी दोन्ही मॉडेलांच्या छापील याद्या शेजारी शेजारी ठेवा आणि कोणत्या यादीत काय नाही, त्यावर पेन्सिलीनं खुणा करा.

इंजिनांचं ऐका. ब्रेझाचं इंजिन चार सिलिंडरचं, नेक्सॉनचं तीन सिलिंडरचं पण टर्बोचं. म्हणजे एकीकडे चार बर्नरची शेगडी, दुसरीकडे तीन बर्नरची. पण या तीनवालीला फुंकणी लावली आहे. टर्बो ही खरोखर फुंकणीच, इंजिनात जास्त हवा कोंबते. तिच्या जोरावर लहान इंजिनही मोठ्यासारखं ओढतं. चार सिलिंडरचं इंजिन साधारणपणे जास्त शांत चालतं, थरथर कमी. तुम्हाला दोन्हींत फरक जाणवतो का, ते गाडी चालू ठेवून मागच्या सीटवर बसून पाहा. नाही जाणवला, तर तो फरक तुमच्यासाठी नाहीच असं समजा.

ब्रेझात डिझेल इंजिन एप्रिल २०२० पासून मिळत नाही, नेक्सॉनमध्ये मिळतं. भाऊजी डिझेलचा आग्रह धरतील. त्यांना सांगा की, आजच्या डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारी जाळी असते आणि ती जळून साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते. गावातल्या गावात शाळा आणि बाजार करणाऱ्या गाडीला डिझेल सोसत नाही. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला नोंदणीचा कर ११ टक्के आहे, डिझेलला १३ टक्के.

आणि हो, हा दहा लाखांचा उंबरठा लक्षात ठेवा. तो ओलांडला की पेट्रोल गाडीचा कर ११ चा १२ टक्के होतो. शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार असेल तर कर सुमारे १ लाख ९ हजार. १० लाख ५ हजार असेल तर १ लाख २० हजारांच्या वर. म्हणजे “पाच-दहा हजार इकडे-तिकडे” म्हणताना खिशातून दुप्पट जातात. एखाद्या रंगासाठी किंवा छतावरच्या काचेसाठी उंबरठा ओलांडू नका.

सासूबाईंची परीक्षा

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगते. आजवर ती कुणाला सांगितली नव्हती.

आमच्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी पहिली गाडी आली. ह्यांनी आणि दिरांनी पसंत केलेली. लालचुटूक, ठेंगणी, अगदी देखणी. सासूबाईंनी गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. महिन्याभरात नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, यवतमाळला. निघायच्या सकाळी त्या म्हणाल्या, “तुम्ही जा, मी घर सांभाळते.” मला वाटलं, वय झालं, दगदग नको वाटत असेल. पुढेही प्रत्येक वेळी तेच. दोन वर्षांनी एका दुपारी वाती वळता वळता त्या सहज बोलल्या, “तुमच्या त्या गाडीत बसताना फार खाली वाकावं लागतं ग. उतरताना कुणीतरी हात धरून ओढावं लागतं. चार माणसांदेखत कसंतरीच वाटतं.” मी वाती तशाच ठेवून बसून राहिले. नातीचं लग्न हुकलं होतं त्यांचं, आणि का हुकलं ते आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. त्यांच्यासाठी म्हणून घेतलेली गाडी, आणि त्याच घरी राहिल्या.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हे की, गाडी ज्यांच्या गुडघ्यांसाठी घेताय त्या गुडघ्यांना आधी विचारा.

त्याची रीत सोपी आहे आणि ती तुमच्याच हातची आहे. शिवणाची टेप घ्या. सासूबाई घरात ज्या खाटेवरून किंवा खुर्चीवरून कुणाचा हात न धरता उठतात, तिची जमिनीपासूनची उंची मोजा. तो आकडा कागदावर लिहा. मग दोन्ही दुकानांत जाऊन मागच्या आणि पुढच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजा. जी तुमच्या आकड्याच्या जवळ, ती त्यांची गाडी. सीट फार खाली असली की उठताना त्रास होतो आणि फार उंच असली की चढताना. मग सासूबाईंना नेऊन प्रत्यक्ष बसवा. एकदा नाही, चार वेळा चढू-उतरू द्या. दार किती उघडतं, पाय आत घेताना उंबरठा आडवा येतो का, धरायला छतापाशी मूठ आहे का, तेही पाहा. आणि त्या “बरं आहे” म्हणाल्या तर त्यावर विश्वास ठेवू नका! आपल्या सासवा दुकानदारासमोर कधी तक्रार करणार आहेत? त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. हात कुठे टेकतात ते पाहा.

कागदावर ब्रेझाची उंची १,६८५ मिलिमीटर आहे आणि नेक्सॉनची १,६२०. म्हणजे छत साडेसहा सेंटीमीटर उंच. बसताना मान वाकवावी लागते की नाही, यात हा फरक जाणवू शकतो. पण तो जाणवतो का, हे सासूबाईंनीच सांगायचं. छापील आकड्यावर जाऊ नका.

दुसरी परीक्षा मागच्या सीटची. तुम्ही पाच जणं. म्हणजे मागे तिघं. सासूबाई, मुलगी आणि मधे धाकटा, किंवा सासूबाई पुढे आणि तुम्ही तिघं मागे. दुकानात तिघांनी मिळून मागे बसा आणि दारं लावून पंधरा मिनिटं उठू नका. गप्पा मारा. मधल्याच्या पायाखाली फुगवटा येतो का? पाठीला मधेच कडक लागतं का? खांदे एकमेकांवर चढतात का? नेक्सॉनची बाहेरची रुंदी १,८०४ मिलिमीटर, ब्रेझाची १,७९०. पण घराचं बाहेरचं माप आणि माजघराचं माप कुठे सारखं असतं? म्हणून बसून पाहा.

सामानाचं सांगायचं तर नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरची, ब्रेझाची ३२८ लिटरची. तुमची मुलगी सुट्टी संपवून नागपूरला निघाली की गादी, डबे, पुस्तकं, लोणच्याची बरणी जाते ना? तो जास्तीचा सुमारे तीन घागरींचा पैस तेव्हा कामी येतो. सीएनजीची गाडी पाहणार असाल तर डिकी उघडूनच पाहा. ब्रेझामध्ये टाकी डिकीतली बरीचशी जागा खाते. नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या आहेत, म्हणून ३२१ लिटर जागा उरते. पण तुमच्या रोजच्या वाटेवर सीएनजीचा पंप आहे का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

उंच दिसली म्हणून जीप होत नाही

हे म्हणतील, “शेतात जायचं असतं, नेक्सॉन जास्त उंच आहे जमिनीपासून.” आहे, मान्य. तिच्या पोटाखाली २०८ मिलिमीटर मोकळी जागा आणि ब्रेझाच्या १९८. फरक दहा मिलिमीटरचा, म्हणजे एका सेंटीमीटरचा! पाच माणसं आणि दोन पोती चढली की दोघीही तेवढ्या सहज खाली बसतात. आणि दोन्ही गाड्यांत ओढ फक्त पुढच्या चाकांना आहे. पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या पांदणीत दोघींची एकच गत होणार, आणि शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागणार. तेव्हा पांदणीच्या मुद्द्यावरून कुणाला जिंकू देऊ नका. तो मुद्दा बरोबरीतच सुटतो.

ताऱ्यांचं गणित

आता जिवाची गोष्ट. गाडी धडकवून पाहून तिला तारे देतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आपल्या देशाची स्वतःची परीक्षा, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. मोठ्या माणसांसाठी वेगळे तारे आणि मुलांसाठी वेगळे. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपनं पाच तारे दिले. भारतात बनलेल्या गाड्यांत पाच तारे मिळवणारी ती पहिली. नव्या रूपालाही २०२४ मध्ये पाच तारे मिळाले, भारत एनकॅपमध्येसुद्धा, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. जुन्या विटारा ब्रेझाला २०१८ मध्ये चार तारे मिळाले होते. पण गाडीचा ढाचा बदलला की जुने तारे नव्या गाडीच्या कपाळी लावता येत नाहीत. जी गाडी तुम्ही घेणार तिचा आजचा निकाल भारत एनकॅपच्या यादीत पाहायला मुलीला सांगा. विक्रेत्याच्या तोंडचा निकाल धरू नका. तारे पाहताना नेक्सॉनचं पारडं जड आहे, हे मी मोकळेपणानं सांगते.

दोन्हींत हल्ली सहा एअरबॅगा साध्या मॉडेलपासून मिळतात. पण या सगळ्यांच्या आधी येतो तो पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अहमदाबाद-मुंबई महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. गाडी भारीतली. मागे बसलेले दोघे गेले आणि पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पट्टा न लावलेल्या माणसाला पाच तारेही धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून दुकानात मागचे तिन्ही पट्टे ओढून लावून पाहा. मधल्याला खांद्यावरून येणारा पट्टा आहे ना? सासूबाईंना लुगडं किंवा पातळ सांभाळून तो लावता येतो का? बकल सीटच्या फटीत दडत तर नाही ना? जो पट्टा लावायला कटकटीचा, तो आठ दिवसांनी कुणी लावत नाही.

आणखी एक. समोरून धडकेची ही परीक्षा ताशी ६४ किलोमीटर वेगानं घेतात. तुमची मुलगी नागपूरला आहे, म्हणजे हिंगणघाट, जाम, बुटीबोरीचा राष्ट्रीय महामार्ग ४४ तुमच्या पाठी आहेच, आणि कधी हौसेनं समृद्धी महामार्गावरही गाडी जाईल. तिथे ताशी १२० ची मुभा आहे. तारे ६४ च्या धडकेचे असतात, १२० च्या नव्हेत, हे ह्यांना जेवताना एकदा प्रेमानं सांगून ठेवा.

हप्त्याचा आणि पेट्रोलचा हिशेब

मायलेजवरून घरोघरी भांडणं होतात. हिशेब मांडू या. तुमची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालेल असं धरू. एक गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि दुसरी १६. वर्षाला फरक पडला तेहतीस लिटरचा. हिशेबाला लिटरचे शंभर रुपये धरले, तर तीन हजार तीनशे, म्हणजे महिन्याला पावणेतीनशे. एवढ्यासाठी रोज रात्री अन्न कडू करून घेताय?

खरा पैसा जातो तो हप्त्यात. समजा सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतलं. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये आणि व्याज सुमारे १ लाख ५६ हजार. सात वर्षांवर नेलं तर हप्ता सुमारे ९,८०० वर येतो. हलका वाटतो, पण व्याज होतं २ लाख २३ हजारांच्या पुढे. त्या दोन वर्षांच्या सवलतीला सदुसष्ट हजार मोजले तुम्ही! कोणती गाडी हा वाद पाच-दहा हजारांचा आहे आणि किती वर्षं हा प्रश्न सदुसष्ट हजारांचा. कापसाचे पैसे आले की मधेच मोठी रक्कम भरता येते का, त्याला दंड किती, हे बँकेत आधीच विचारा.

विमा दुकानदाराकडूनच घ्यायला हवा असा नियम नाही. दोन ठिकाणचे दर मागवा. बिलात “हँडलिंग”सारखा शब्द दिसला तर हे कशाचे पैसे, असं शांतपणे विचारा. आणि सर्व्हिसिंगचं केंद्र वर्ध्याला किंवा हिंगणघाटला कुठे आहे, तिथे गाडी किती दिवस अडकून पडते, हे दुकानात न विचारता त्या केंद्राबाहेर उभ्या असलेल्या गाडीमालकाला विचारा. तो खरं सांगेल.

न विचारलेला प्रश्न

आता तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाकडे येते. “तुला काय कळणार त्यातलं?”

बाई ग, इतकी वर्षं कुणाचा गुडघा कधी दुखतो, कुणाला प्रवासात मळमळतं, कुणाच्या सामानाला किती जागा लागते, हे तुम्हालाच कळत आलं. गाडी निवडताना हेच तर कळायला हवं. इंजिनाचे आकडे कुणीही वाचून दाखवेल. दीड लाख रुपये तुमचे आहेत, रात्री दिव्याखाली टाके घालून साठवलेले. ते देताना भांडण करू नका, पण एक अट घाला. अट अशी की, रविवारी सगळे मिळून दोन्ही दुकानांत जायचं, सासूबाईंसकट. ह्यांना म्हणा, “तुम्ही इंजिन पाहा, मी सीट पाहते.” यात त्यांचा मान राहतो आणि तुमचाही.

आणि दुकानात गेल्यावर एकदा चालकाच्या जागेवर बसा. लाजू नका. पाय पोचतात का, पुढचं बॉनेट दिसतं का, मागची काच नीट दिसते का, ते पाहा. जमलं तर शिकायचं मनात धरा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. गिअरची धास्ती वाटत असेल तर आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या दोन्हींत आहेत. फक्त त्यांचे प्रकार वेगळे आहेत. नेक्सॉनमधल्या स्वस्त प्रकारात गिअर बदलताना किंचित हिसका बसतो. तिच्यातच एक महाग प्रकारही आहे, तो अधिक मऊ. ब्रेझातला प्रकारही मऊ चालतो. चालवून पाहूनच ठरवा. हे शाळेत असताना दुपारी सासूबाईंना सेवाग्रामला न्यायची वेळ आली, तर त्या दिवशी गाडी दारात उभी आणि माणूस मात्र एसटीच्या पायरीशी, असं होऊ नये. गाडी तुमच्या नावावर घेण्याचा विचार निघाला, तर मालक-चालकाच्या अपघात विम्यासाठी तुमच्याकडे परवाना असावा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आता माझा कौल. सासूबाईंना दोन्हींत सारख्याच सहजतेनं चढता-उतरता आलं, तर नेक्सॉन घ्या. तिचे तारे आजचे आहेत, डिकी मोठी आहे आणि तुमच्या पैशांत बहुधा वरची पायरी मिळते. पण सासूबाई नेक्सॉनमध्ये अवघडल्या आणि ब्रेझात सुखानं बसल्या, तर काहीही मनात न आणता ब्रेझा घ्या. ताऱ्यांचा आजचा निकाल पाहून घ्या, तीन पट्टे रोज लावा आणि वेग आवरा. भाऊ जिंकला की भाऊजी जिंकले, हा हिशेब घरात काढू नका. निकाल सासूबाईंच्या गुडघ्यांनी दिला असं सांगा. त्याच्यापुढे कोण बोलणार?

गाडी घरी आली की पहिल्या प्रवासाला कुणाला कुठे बसवलं, ते मला जरूर लिहा.

तुमची,
ताई